कॅन्सर पसरला तर ईआर, पीआर, हर-टू पुन्हा तपासून घ्या: इंदूरकरांसाठी पायरीपायरीने

आईच्या फाइलमध्ये दोन आयएचसी (गाठीच्या तुकड्यातल्या पेशी रंगवून करायची तपासणी) रिपोर्ट आहेत. २०१६ मधला स्तनाच्या गाठीचा: ईआर ८/८, पीआर ७/८, हर-टू १+. २०२३ मधला यकृतातल्या गाठीचा: ईआर ५/८, पीआर ०, हर-टू २+, फिश (हर-टूचं जनुक वाढलंय का ते पाहणारी तपासणी) पॉझिटिव्ह. बाई तीच, आजारही तोच, स्तनाचा कॅन्सर, पण दुसरा कागद हाती आल्यावर औषध बदललं. तो कागद मिळवायला आम्हाला दीड महिना लागला, आणि त्यातले तीन आठवडे निव्वळ आमच्या अज्ञानात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

मी डॉक्टर नाही. सुदामा नगरात राहते, आईच्या फायली सांभाळते. उपचाराचा निर्णय तुमचे ऑन्कोलॉजिस्ट घेतील. त्यांच्यापुढे पूर्ण माहिती ठेवणं मात्र बरंचसं घरच्यांच्याच हातात असतं.

## १. आधी तीन नावं ओळखीची करून घ्या

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. ही कॅन्सरपेशीच्या आत हार्मोनला धरून घेणारी प्रथिनं. ती असतील तर हार्मोनच्या गोळ्या (म्हणजे हार्मोनला रोखणाऱ्या: टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल वगैरे) किंवा फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन उपयोगी पडण्याची शक्यता असते. हर-टू पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतं. ते खूप वाढलेलं असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं देतात.

रिपोर्टमध्ये ईआर दोन प्रकारे लिहिलेलं दिसेल: टक्क्यात किंवा आठपैकी गुणांत. १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह. पण १ ते १० टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात आणि तिथे गोळ्यांचा भरवसा कमी. आठच्या मापात ३ पासून पुढे पॉझिटिव्ह. हर-टू ०, १+, २+, ३+ असं येतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे नक्की सांगता येत नाही, फिश करा. बाकी बारकावे पॅथॉलॉजिस्टवर सोडा, एवढं कळलं तरी रिपोर्ट उलटा धरला जाणार नाही.

## २. ते बदलतात, हे मनाशी पक्कं करा

स्तनातली मूळ गाठ आणि नंतर हाडात, यकृतात, फुप्फुसात गेलेली गाठ यांची तुलना करणारे अभ्यास बरेच झालेत. ढोबळमानाने पाचांतल्या एकीत ईआर बदललेलं सापडतं, तिघींतल्या एकीत पीआर आणि साधारण दहांतल्या एकीत हर-टू. पीआर सगळ्यांत चंचल, आणि त्यात असलेलं नाहीसं होणं जास्त. आता उलट बाजूनेही बघा: बहुतेक जणींचं बदलत नाही. आमच्या गल्लीतल्या काकूंचे दोन्ही रिपोर्ट अगदी सारखे आले. त्यांच्या मुलाला वाटलं, पैसे वाया गेले. मला तसं वाटत नाही. गोळी अंदाजाने चालू आहे की खात्रीने, हे त्यांना कळलं.

का बदलतात? मूळ गाठीतच सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. वर्षानुवर्षं हार्मोनची गोळी चालू राहिली की तिला दाद देणाऱ्या पेशी मरतात, न देणाऱ्या टिकतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मी स्वतःला हे असं समजावलं: होळकरांच्या काळात महाराष्ट्रातून इंदूरला आलेल्या घराण्याचं आडनाव तेच राहिलं, पण पाच-सहा पिढ्यांनी पुण्याचा चुलतभाऊ आमचं मराठी ऐकून हसतो. गाठीचंही आडनाव तेच असतं, बोली बदलते.

पण प्रत्येक ‘बदल’ खरा नसतो. तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) उशिरा गेला, हाड आम्लात मऊ केलं, लॅब बदलली, नमुन्यात कॅन्सरच्या पेशीच थोड्या होत्या, तरीही रिपोर्ट वेगळा येतो. पुढच्या पायऱ्या मुख्यतः या खोट्या बदलापासून वाचण्यासाठी आहेत.

## ३. नवी गोळी सुरू होण्याआधी विचारा

आईची पाठ दुखायला लागली, पेट-सीटी स्कॅन झालं, हाडात आणि यकृतात डाग दिसले. आम्ही ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, त्यांनी २०१६ चा रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि नवी गोळी लिहून दिली. नव्या जागेचा तुकडा घेण्याचा विषयच निघाला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न तो केला.

तुम्ही एवढंच म्हणा: “डॉक्टर साहब, नई जगह से टुकड़ा लेकर ईआर-पीआर-हर-टू दोबारा हो सकता है क्या?” यात उद्धटपणा काही नाही. कॅन्सर पहिल्यांदा परत आला किंवा पसरला तर शक्य असेल तिथे बायोप्सी करून रिसेप्टर पुन्हा तपासा, असं अमेरिका-युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. पेट-सीटीत चमकलेली प्रत्येक गोष्ट कॅन्सर नसते. मानेतली किंवा छातीतली गाठ टीबीचीही निघू शकते. सुईने तुकडा घेतल्याशिवाय ते कळत नाही.

‘नाही’ हे उत्तरही बरोबर असू शकतं. गाठ मेंदूत किंवा मज्जारज्जूला लागून असेल, पेशंटला सुई झेपणार नसेल, यकृत भराभर बिघडत असेल आणि उपचार आजच सुरू करायचा असेल, तर डॉक्टर जुन्या रिपोर्टवर जातात. तेव्हा हट्ट धरू नका. मात्र ‘का नाही’ हे समजून घ्या आणि जमलं तर केसपेपरवर लिहून घ्या.

## ४. जुना ब्लॉक शोधून काढा

हे काम सगळ्यांत कटकटीचं, म्हणून बायोप्सीची तारीख ठरायच्या आधीच लागा.

ब्लॉक म्हणजे ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा, मेणात बसवलेला छोटा तुकडा. प्लास्टिकच्या चौकोनी जाळीदार डबीवर पांढुरकं मेण, मेणाच्या मध्ये नखाएवढा करडा-पिवळट ठिपका आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला विश्वासच बसेना, की सात वर्षांपूर्वीचं एवढंसं काहीतरी अजून कामाचं आहे.

ब्लॉक पॅथॉलॉजीत असतो. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये चकरा मारू नका, तिथे फक्त कागद. जुन्या हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या) रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातला नमुन्याचा नंबर लागतो, पेशंटचा ओपीडी नंबर नाही. ब्लॉक एकाहून जास्त असतात. ‘ज्यात गाठ आहे तो ब्लॉक द्या’ असं अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर काखेतल्या साध्या गाठीचा किंवा कडेच्या चरबीचा हाती पडायचा.

लॅबवाले कधीकधी ब्लॉकऐवजी त्यावरून कापलेल्या, न रंगवलेल्या स्लाइड देऊ करतात. त्या घ्याव्या लागल्या तर कोटेड काचेवरच्या मागा आणि लवकर वापरा. कापून ठेवलेला पापुद्रा जुना झाला की रंग नीट धरत नाही. मेणातला तुकडा मात्र वर्षानुवर्षं टिकतो.

अर्जासोबत हे न्या:

- पेशंटच्या सहीचा अर्ज आणि तुमच्या नावाचं अधिकारपत्र
- दोघांच्या आधारची झेरॉक्स
- जुना हिस्टोपॅथॉलॉजी आणि आयएचसी रिपोर्ट
- ब्लॉक कशासाठी हवा, हे सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी
- डिपॉझिट मागितलं तर पैसे, आणि त्याची पावती

मिळाल्यावर डबीवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच, काउंटरवरच ताडून पाहा. आमच्याकडे पहिल्यांदा दिलेल्या ब्लॉकचा शेवटचा आकडा वेगळा होता. घरी आल्यावर लक्षात आलं, म्हणजे दुसरी चक्कर.

मे महिन्यात इंदूरहून मुंबईला ब्लॉक न्यायचा असेल तर एक सूचना: उन्हात उभ्या गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण ते मेणच. बाबांनी अवंतिका एक्सप्रेसमध्ये तो स्टीलच्या छोट्या डब्यात, कापसात गुंडाळून नेला. रात्रभर डबा उशाखाली. शेजारच्या बर्थवरच्या गृहस्थांनी विचारलं, प्रसाद आहे का. बाबा हो म्हणाले. स्पष्टीकरण देण्यापेक्षा ते सोपं होतं.

परळच्या टाटा मेमोरियलला दाखवायचं असेल तर स्लाइड-ब्लॉक सोबत न्यायलाच हवेत, तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा पाहतात. जाणं शक्य नसेल तर ‘नव्या’ या सेवेतून टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत ऑनलाइन मिळतं. त्यासाठी रिपोर्ट स्वच्छ स्कॅन करा. मोबाइलने काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो पाठवू नका.

## ५. तुकडा कुठून घ्यायचा, यावर बोला

जागा रेडिओलॉजिस्ट आणि ऑन्कोलॉजिस्ट ठरवतात, पण पर्याय असेल तर हाडापेक्षा मऊ जागा बरी: यकृत, लिम्फ नोड, कातडीवरची गाठ.

आमचे तीन आठवडे इथेच गेले. पहिल्यांदा कमरेच्या हाडातून तुकडा घेतला. हाड कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम काढून (डीकॅल्सिफाय करून) मऊ करावं लागतं, आणि तिथे ते कडक आम्लात ठेवलं. कॅन्सर आहे हे कळलं, ईआरचा रंग फिका आला, आणि हर-टूच्या फिशला तर काही वाचताच आलं नाही. रिपोर्टखाली एक ओळ: ‘डीकॅल्सिफाइड नमुना, निष्कर्ष मर्यादित.’ पैसे भरले, आईने दुखणं सोसलं, हाती पडली ती ओळ.

हाडाशिवाय दुसरी जागाच नसेल तर आधी विचारा: “हड्डी को ईडीटीए में डीकैल्सिफाई करेंगे या एसिड में?” ईडीटीए हे सौम्य रसायन, त्याला दिवस जास्त लागतात, पण रिसेप्टर आणि फिश दोन्ही त्यात बऱ्यापैकी टिकतात. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसणार, पॅथॉलॉजिस्टशीच बोलायचा आग्रह धरा. नंतर मी तो धरला तेव्हा कळलं, बाई अगदी सहज फोनवर येतात. कुणी विचारतच नाही म्हणे.

फुप्फुसाभोवती पाणी झालं असेल तर ते काढून त्याचा ‘सेल ब्लॉक’ (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवलेला ब्लॉक) करता येतो, आणि त्यावरही आयएचसी होते. नुसत्या बारीक सुईच्या एफएनएसीवर भागवू नका. जमेल तिथे ट्रू-कट म्हणजे जाड सुईचा सलग तुकडा घ्यावा.

रक्ताच्या लिक्विड बायोप्सीचं नाव कानावर पडेल. त्यातून ईएसआर-वन, पीआयके-थ्री-सीए असे जनुकांतले बदल कळतात, त्यांचाही उपयोग आहे. पण ईआर, पीआर, हर-टूचा रंग ज्यावर पाहतात तो तुकडा रक्तातून मिळत नाही. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

## ६. बायोप्सीचा दिवस

आदल्या आठवड्यात सीबीसी आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठतं का ते पाहणारी) या रक्ताच्या तपासण्या होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन) चालू असतील तर सांगा. त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, किती दिवस आधी थांबायचं ते डॉक्टर सांगतील.

यकृताची बायोप्सी सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून होते. आईला सांगितलं होतं, श्वास धरा. मग सुईचा खटका, स्टेपलर दाबल्यासारखा. आवाजाने ती दचकली, दुखलं त्यामानाने कमी. असा आवाज येणार हे आधी सांगून ठेवा. नंतर काही तास पडून राहायचं असतं, बीपी बघत राहतात. पोहे-जिलेबीचा डबा उघडायला परवानगी मिळेपर्यंत दुपार झाली.

तुम्ही बाहेर बसलेले असाल, पण तीन गोष्टींवर डोळा ठेवा.

एक, बाटली. रिसेप्टरसाठीचा तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्येच जायला हवा, आणि तोही काढल्यापासून तासाभराच्या आत. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा लॅबला पोचेपर्यंत खराब होतो. टीबीची शंका असेल तर कल्चरसाठी वेगळा तुकडा साध्या सलाइनमध्ये घेतात. दोन बाटल्या आणि त्यांवरची लेबलं वेगळी, अदलाबदल झाली तर दोन्ही तपासण्या गेल्या.

दोन, वार. फॉर्मेलिनमध्ये निदान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास, ही ठरलेली मर्यादा आहे. शनिवारी संध्याकाळी बायोप्सी आणि सोमवारी सुट्टी, असं होऊ देऊ नका. रंगपंचमीला तर बिलकूल नाही. गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याच्या बाजूला माणूस पोचत नाही, तिथे नमुना काय पोचणार.

तीन, फॉर्म. लॅबच्या फॉर्मवर ‘स्पेसिमेन’च्या पुढे आमच्याकडे घाईत ‘ब्रेस्ट’ लिहिलं होतं. नमुना यकृताचा. खाडाखोड करून घेतली. याच फॉर्मवर हे सगळं यायला हवं: नमुन्याची खरी जागा, आधीच्या कॅन्सरचं वर्ष, जुने ईआर-पीआर-हर-टू, आजवर घेतलेली औषधं, तुकडा फॉर्मेलिनमध्ये घातल्याची वेळ. आईच्या औषधांची, वर्षांसह, एका पानाची यादी मी टाइप करून ठेवली होती, तीच जोडली. ती आजही दर महिन्याला उपयोगी पडते.

## ७. रिपोर्ट वाचताना

आधी ‘कॅन्सर स्तनाचाच आहे का’ ती ओळ पाहा. बायोप्सीतून दुसराच कॅन्सर निघाल्याचीही उदाहरणं आहेत. मग ईआर-पीआरची टक्केवारी. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर आकडा मागा. नमुन्यातल्याच निरोगी पेशींवर किंवा लॅबच्या कंट्रोल स्लाइडवर रंग नीट चढला का, हेही चांगल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. तो चढला नसेल तर ‘निगेटिव्ह’ला अर्थ नाही.

हर-टू २+ आलं तर फिश होईपर्यंत थांबा. आम्हाला नऊ दिवस लागले, कारण नमुना बाहेरगावी गेला. त्या नऊ दिवसांत तीन नातेवाइकांनी तीन वैद्य सुचवले.

हर-टू ‘निगेटिव्ह’ असलं तरी ० आहे की १+, हे वेगळं लिहून घ्या. पूर्वी त्या फरकाला किंमत नव्हती. २०२२ पासून ‘हर-टू लो’ म्हणजे १+ किंवा फिश निगेटिव्ह असलेलं २+, अशा पेशंटसाठी ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे औषध पुढे आलंय. महाग आहे, पण पर्याय माहीत असावा.

## ८. दोन्ही रिपोर्ट जुळले नाहीत तर

लगेच घाबरू नका आणि लगेच विश्वासही ठेवू नका. जुना ब्लॉक आणि नवा ब्लॉक एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी पुन्हा रंगवून घ्या. जुना ब्लॉक शोधण्याची धडपड सांगितली ती याचसाठी. आमच्याकडे २०१६ चा ब्लॉक पुन्हा तपासल्यावर ईआर ८/८ आणि हर-टू १+ हेच आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “अब मान सकते हैं, सच में बदला है.”

एकटं पीआर गेलं असेल तर बहुधा उपचाराची दिशा बदलत नाही, हार्मोनच्या गोळीचा जोर थोडा कमी पडू शकतो एवढंच. ईआर किंवा हर-टू बदललं तर मात्र डॉक्टरांशी नीट वेळ घेऊन बसा. कोणता रिपोर्ट धरायचा याला सरधोपट उत्तर नाही. बऱ्याच तज्ज्ञांचा कल असा, की दोहोंपैकी एकीकडे जरी पॉझिटिव्ह असेल तरी पेशंटला त्या औषधाची संधी नाकारू नये. यकृतात एक आणि हाडात दुसरं, असंही असू शकतं. शरीरात सगळ्या गाठी एकाच सुरात नसतात.

आईला डोसेटॅक्सेलसोबत ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब सुरू झालं. केमो संपल्यावर हर-टूची औषधं चालू ठेवून हार्मोनची गोळी परत आली. यात दर तीन महिन्यांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो, कारण ट्रास्टुझुमॅबने हृदयावर परिणाम होऊ शकतो. तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा.

## ९. पैसे आणि कार्ड

आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते भरती झालेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीत केलेली आयएचसी किंवा फिश बहुधा खिशातूनच जाते. बायोप्सी भरती करून पॅकेजमध्ये बसते का, ते हॉस्पिटलच्या आयुष्मान मित्राला आधी विचारा. ७० वर्षं आणि त्यापुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता वेगळं कार्ड मिळतं. आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), दोन्हीवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे ना, हे आजच पाहून घ्या. आमच्याकडे एकावर ‘सौ.’ होतं आणि एकावर नव्हतं. त्याला एक सबंध दिवस गेला.

ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय कंपन्यांच्या आवृत्त्या २०१४ पासून मिळतात आणि त्या मूळ औषधापेक्षा स्वस्त आहेत. हार्मोनच्या औषधाबरोबर देतात ते पॅल्बोसिक्लिबही २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर बरंच उतरलं. दवा बाजारात दोन-तीन दुकानांत भाव विचारा, पक्कं बिल घ्या आणि इंजेक्शन थंड राहील अशा डब्यातच न्या.

## १०. नवा ब्लॉक परत आणा

काम झालं की दोन्ही ब्लॉक लॅबमध्येच राहतात आणि विसरले जातात. रिपोर्टबरोबर ते मागून घ्या, किंवा निदान ते कुठे आणि कोणत्या नंबराने ठेवलेत याची पावती घ्या. औषध काम करेनासं झालं आणि नवी गाठ दिसली तर हाच प्रश्न पुन्हा येतो, रिसेप्टर पुन्हा बदललेले असू शकतात. आईचे दोन्ही ब्लॉक आता तिच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात आहेत, त्याच स्टीलच्या डब्यात. झाकणावर बाबांनी मार्करने दोन्ही नंबर आणि दोन्ही वर्षं लिहून ठेवलीत.